दुसऱ्या कंपनीच्या चार्जिंग केंद्रावर आपली गाडी : दोन अडॅप्टरांचे सोलापुरातून परीक्षण

केवळ एसी, म्हणजे घरात येते तशा विजेवर चार्ज होणाऱ्या छोट्या विजेच्या गाडीसाठी मी गेल्या हिवाळ्यापासून दोन अडॅप्टर वापरतो आहे. एक निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटला जोडून आपल्याला घरगुती पद्धतीचे १६ अँपिअरचे थ्री-पिन सॉकेट मिळवून देतो. दुसरा तेच काम टाइप-२ या, गाड्यांच्या एसी चार्जिंगसाठीच असलेल्या जोडणीच्या पॉइंटवर करतो. सोलापुरातील हिवाळा आणि त्यामागून आलेला कडक उन्हाळा या दोन्ही ऋतूंत वापर झाल्यावर माझे मत असे बनले आहे, की पहिला अडॅप्टर अशा प्रत्येक गाडीत असावा आणि दुसरा घ्यायचा असेल तर त्याच्या आत स्वतंत्र एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका, आहे याची खात्री करूनच घ्यावा. या मताला कारण आहे. अडॅप्टर जोडणीचा आकार तेवढा बदलतो, आणि तो बदलताना मूळ जोडणीत असलेली काही सुरक्षा वगळली जाते. ती वगळलेली सुरक्षा कोणी भरून काढायची, या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याकडे नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये.

माझी गाडी एमजी कॉमेट आहे. तिची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, सोबत मिळणारा, थ्री-पिन सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटचा आणि रिकामी बॅटरी पूर्ण भरायला लागणारा वेळ सुमारे सात तासांचा. डीसी, म्हणजे थेट बॅटरीला वीज देणाऱ्या जलद चार्जिंगची सोय या गाडीला मुळातच नाही. २०२४ मध्ये ७.४ किलोवॅटच्या एसी चार्जिंगचे प्रकार बाजारात आले. माझी गाडी त्याआधीची आहे. तुळजापूर आणि अक्कलकोट ही दोन्ही गावे सोलापुरातून सकाळी निघून घरी परतण्याच्या टप्प्यात असल्याने तिथे चार्जिंगचा विचारही करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो पंढरपूर करून पुढे जायचे असते तेव्हा, विजापूरला मुक्काम असतो तेव्हा, किंवा पुण्याचे अडीचशे किलोमीटर गाठायचे असतात तेव्हा. पुणे आणि हैदराबाद या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या महामार्गावर जी मोठी चार्जिंग केंद्रे दिसतात, त्यांतील बहुतेक सीसीएस-२ या डीसी जोडणीची आहेत, त्यामुळे ती आमच्यासारख्यांच्या कामाची नाहीत. उरतात ते एसीचे पॉइंट, आणि त्यांची तोंडे एकसारखी नाहीत.

याला थोडा इतिहास आहे. २०१७ मध्ये भारतासाठी भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ अशी दोन मानके ठरवण्यात आली. त्यांतील एसी-००१ च्या पेटीवर एकाच वेळी तीन गाड्या प्रत्येकी ३.३ किलोवॅटने चार्ज होतात आणि तिच्यावर निळी, गोल, तीन पिनांची इंडस्ट्रियल सॉकेटे असतात. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत या दोन्ही मानकांसह सीसीएस, शाडेमो (डीसीचीच आणखी एक जोडणी) आणि टाइप-२ अशा सगळ्याच जोडण्या ठेवण्याची अपेक्षा होती. पुढच्या सुधारणांमध्ये ती सैल झाली आणि केंद्रचालकांना निवडीची मुभा मिळाली. त्यानंतर कार कंपन्या सीसीएस-२ आणि टाइप-२ कडे वळल्या आणि स्कूटरवाल्यांनी आपल्या वेगळ्या जोडण्या आणल्या. त्यामुळे कोणत्या आवारात कोणते सॉकेट भेटेल हे ती पेटी कोणत्या काळात बसली यावर ठरते, आणि गाडीवाल्याला सगळ्या काळांसाठी तयारी ठेवावी लागते.

आता पहिला अडॅप्टर. याच्या एका टोकाला १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल प्लग, मध्ये फूटभर जाड रबरी केबल आणि दुसऱ्या टोकाला झाकण असलेल्या डबीत थ्री-पिन सॉकेट. आत कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही, फसवाफसवी नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तीन तारा इकडून तिकडे जातात, एवढेच. तरीही याची रचना मला मनापासून आवडते, कारण या निळ्या प्लगमागे असलेला विचार पक्का आहे. निळा रंग म्हणजे २०० ते २५० व्होल्ट, लाल रंग म्हणजे ३८० ते ४८० व्होल्ट. अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड असते आणि तिची जागा व्होल्टेजनुसार बदलते, त्यामुळे चुकीच्या व्होल्टेजच्या सॉकेटमध्ये प्लग शिरतच नाही. ३२ अँपिअरचा प्लग आकारानेच मोठा असल्याने १६ च्या जागी बसत नाही. अंधारात, घाईत, अनोळखी आवारात हाताळण्याच्या वस्तूत असा बंदोबस्त असणे फार मोलाचे आहे.

सोलापुरात या अडॅप्टरचा उपयोग चार्जिंग केंद्रांपेक्षा कारखान्यांत जास्त झाला, हे मी आवर्जून नोंदवतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आणि चिंचोळीच्या बाजूला टॉवेल आणि चादरीचे जे नवे शेड उभे राहिले आहेत, त्यांच्या भिंतींवर लाल पाच पिनांच्या सॉकेटशेजारी एखादे निळे सॉकेट बहुतेक ठिकाणी असते. कामानिमित्त दिवसभर तिथे थांबायचे असेल तर मालकांना विचारून गाडी तिथेच लावता येते. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेले नाही. एका शेडमधल्या वयस्कर फोरमनने तर स्वतःहून येऊन सॉकेटचे झाकण उघडून दाखवले आणि म्हटले, “मालक, ही लाइन वेगळ्या एमसीबीवर आहे, हिच्यावरच लावा; शेजारच्या लाइनवर कॉम्प्रेसर आहे.” अशी माहिती कोणत्याही ॲपवर मिळत नाही. विजेचे पैसे मात्र आपण होऊन द्यावेत. कॉमेटची बॅटरी पूर्ण भरायला चार्जिंगमधील तूट धरून एकोणीस-वीस युनिट लागतात, तेव्हा हिशेब अवघड नाही आणि त्यात संकोच करण्यासारखेही काही नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. जुन्या माग-कारखान्यांत निळ्या सॉकेटऐवजी पत्र्याच्या डबीतले मेटल क्लॅड सॉकेट असते. त्याच्या पिना वेगळ्या असतात आणि हा अडॅप्टर तिथे चालत नाही. त्यासाठी तिसरा अडॅप्टर करून घ्यावा की काय, असा विचार मी केला होता, पण जुन्या शेडमधील वायरिंग पाहिल्यावर तो सोडून दिला. सात तास सलग चौदा-पंधरा अँपिअर ओढणारे यंत्र तिथल्या वायरिंगवर लावणे योग्य नाही.

दुसऱ्या अडॅप्टरवर मला जास्त लिहायचे आहे, कारण तो दिसायला आकर्षक आहे आणि त्याच्या आत काय चालते हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. टाइप-२ चे पॉइंट दोन प्रकारचे असतात. एकात केबल आणि गन कायमची जोडलेली असते. ती गन थेट गाडीत बसते, तिथे अडॅप्टरचा प्रश्नच नाही. दुसऱ्या प्रकारात भिंतीवर नुसते सॉकेट असते आणि केबल गाडीवाल्याने आणायची असते. शहरातील एका दुसऱ्या कार कंपनीच्या शोरूमच्या आवारात आणि पुण्यात आमच्या नातेवाइकांच्या सोसायटीत हा दुसरा प्रकार आहे. तिथे टाइप-२ ते टाइप-२ केबल वापरणे हा शास्त्रशुद्ध मार्ग. पण ती केबल अडॅप्टरच्या कित्येक पट महाग पडते, म्हणून लोक त्या सॉकेटमध्ये अडॅप्टर बसवून त्यात गाडीचा पोर्टेबल चार्जर लावतात. माझ्यासारख्या ३.३ किलोवॅटच्या गाडीला वेगात काहीच फरक पडत नाही. ज्यांची गाडी ७.२ किलोवॅट एसी घेते, त्यांचा वेग मात्र या मार्गाने निम्म्यावर येतो.

टाइप-२ च्या सॉकेटमध्ये गाडी जोडलेली नसताना वीज नसते. त्यातील कंट्रोल पायलट नावाच्या पिनेवर केंद्र १२ व्होल्टचा संकेत ठेवते. गाडी जोडली की ती आपल्या आतील रोधाने तो ९ व्होल्टवर आणते आणि चार्जिंगला तयार झाली की ६ व्होल्टवर. त्यानंतरच केंद्राचा कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला मोठा स्विच, जुळून वीज सुरू होते. त्याच पिनेवरील स्पंदांच्या रुंदीतून केंद्र गाडीला सांगत असते, की तुला जास्तीत जास्त इतके अँपिअर घेता येतील. गन काढताना पायलटची पिन सर्वांत आधी सुटते, म्हणून मुख्य पिना सुटण्यापूर्वी प्रवाह तुटलेला असतो आणि ठिणगी पडत नाही. इतका नेटका संवाद या जोडणीत आहे. अडॅप्टर यातले काय करतो? त्याच्या आत एक डायोड आणि दोन-तीन रोध बसवलेले असतात, जे केंद्राला कायम सांगत राहतात की गाडी जोडलेली आहे आणि ती तयार आहे. केंद्र त्यावर विश्वास ठेवून वीज सोडते.

याचे परिणाम नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला परिणाम असा, की अडॅप्टर लावून सत्र सुरू केल्यापासून ते थ्री-पिन सॉकेट जिवंत असते, त्यात काही लावलेले असो वा नसो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर, ही गोष्ट किरकोळ नव्हे. दुसरा परिणाम असा, की चार्जिंग चालू असताना कोणी पोर्टेबल चार्जरचा प्लग उपसला तर पूर्ण प्रवाह तुटताना सॉकेटमध्ये ठिणगी पडते आणि आतील पितळी पट्ट्या हळूहळू जळू लागतात. म्हणून क्रम पाळावाच लागतो: आधी गाडीकडून चार्जिंग थांबवायचे, मग केंद्राच्या ॲपवरून सत्र बंद करायचे, आणि त्यानंतरच प्लगला हात लावायचा. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. ७.४ किलोवॅटचे केंद्र ३२ अँपिअरपर्यंत वीज देऊ शकते आणि त्याचे संरक्षणही त्याच हिशेबाने बसवलेले असते. आपले थ्री-पिन सॉकेट १६ अँपिअरचे आहे. उद्या पोर्टेबल चार्जरमध्ये बिघाड होऊन पंचवीस अँपिअर वाहू लागले, तर केंद्राच्या दृष्टीने सर्व ठीक असेल आणि अडॅप्टर वितळत असेल. म्हणूनच अडॅप्टरच्या अंगात १६ अँपिअरचा एमसीबी असणे ही माझी पहिली अट आहे. तो असेल तर तिन्ही धोके आटोक्यात येतात, कारण रिकामे सॉकेट खटका पाडून मृत ठेवता येते आणि शेवटी प्लग काढण्यापूर्वीही तोच खटका पाडता येतो. मी वापरत असलेल्या अडॅप्टरमध्ये तो आहे. त्याच दुकानात, दिसायला तंतोतंत तसाच, पण एमसीबी नसलेला अडॅप्टरही कमी किमतीत ठेवलेला होता.

आणखी एक गोष्ट मला पुण्याच्या सोसायटीत दिसली. संध्याकाळी जास्त गाड्या लागल्या की तिथली यंत्रणा प्रत्येक पॉइंटचा वाटा कमी करते आणि पायलटवरून तसे कळवते. गाडी थेट जोडलेली असती तर तिने ते ऐकून आपला प्रवाह कमी केला असता. अडॅप्टरला ऐकू येत नाही, पोर्टेबल चार्जर आपल्या ठरलेल्या गतीने वीज ओढत राहतो आणि केंद्र सत्र तोडून टाकते. पहाटे उठून पाहिले तर गाडी अर्धीच भरलेली असायची. यात सोसायटीच्या यंत्रणेचा दोष नाही. ती आपले काम योग्य रीतीने करत होती. अशा ठिकाणी रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर सत्र सुरू करणे हा उपाय मला लागू पडला.

उष्णतेबद्दल सोलापूरकरांनी विशेष दक्ष राहावे. प्लगची पिन आणि सॉकेटची पट्टी यांच्यात समजा ०.१ ओहम इतकाच रोध असला, तरी पंधरा अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत, तासन्‌तास. घरातील गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधून मधून थांबते. गाडीला मात्र सलग सहा-सात तास हवे असतात. हिवाळ्यात माझ्या टाइप-२ अडॅप्टरचे सॉकेट जेमतेम कोमट होत असे. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वरच्या दुपारी, उघड्या आवारात त्याच सॉकेटवर हात ठेववत नव्हता. तेव्हापासून मी उन्हाळ्यात दिवसा हा अडॅप्टर वापरत नाही आणि ज्यांच्या पोर्टेबल चार्जरवर प्रवाह कमी करण्याची सोय आहे, त्यांनी ती जरूर वापरावी असे सुचवतो: प्रवाह पंधरावरून दहावर आणला की उष्णता निम्म्याहून कमी होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निळ्या अडॅप्टरचा इंडस्ट्रियल प्लग याच उन्हात थंड राहिला. तापले ते त्याचेही थ्री-पिनचे टोक. दुबळा दुवा कोणता, हे यावरून स्पष्ट होते. सॉकेटवर आयएस १२९३ या प्लग-सॉकेटांच्या भारतीय मानकाची खूण आणि पट्ट्यांची घट्ट पकड, या दोन गोष्टी खरेदीच्या वेळी प्लग घालून-काढून पाहाव्यात.

अर्थिंगबद्दलही सांगितले पाहिजे. पोर्टेबल चार्जर अर्थ तपासतो आणि तो बरोबर नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. आपल्याकडे मुरमाड जमिनीतील अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात कोरडे पडतात, रोध वाढतो, आणि हिवाळ्यात बिनतक्रार चालणारे सॉकेट एप्रिल-मेमध्ये लाल दिवा दाखवू लागते. खड्ड्यात पाणी घालणे हा जुनाजाणता उपाय आहे आणि तो लागू पडतो. पण बाजारात यावर एक वेगळाच तोडगा विकला जातो: न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून चार्जरला फसवणारा छोटा प्लग. तो कोणीही, कोणत्याही अडचणीत, वापरू नये. न्यूट्रलची तार कुठे तुटली तर गाडीच्या संपूर्ण धातूच्या सांगाड्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि दाराला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो.

या अडॅप्टरांकडून काय होणार नाही, हेही ग्राहकाला ठाऊक हवे. सीसीएस-२ च्या गनला टाइप-२ चे तोंड लावून देणारे अडॅप्टर विकले जातात आणि कॉमेटसारख्या गाड्यांना त्यामुळे महामार्गावर जलद चार्जिंग मिळेल असे सुचवले जाते. ते शक्य नाही. डीसी केंद्र गाडीतील चार्जरला वगळून थेट बॅटरीला वीज देते. आमच्या गाडीत त्यासाठी ना तार आहे, ना कॉन्टॅक्टर, ना केंद्राशी बोलणारी यंत्रणा. अमेरिकेतील व्हिडिओ पाहून हा गैरसमज वाढला असावा. तिथे फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या गाड्या अडॅप्टर लावून टेस्लाच्या सुपरचार्जरवर चार्ज होऊ लागल्या, हे खरे आहे. पण त्या गाड्या मुळात डीसी घेणाऱ्या आहेत, केंद्र आणि गाडी दोघांनाही एकच संवादभाषा येते आणि तो अडॅप्टर कार कंपनीने स्वतः तपासून दिलेला असतो. भारतात तर टेस्ला २०२५ मध्ये सीसीएस-२ घेऊनच आली. जुन्या ७२ व्होल्टच्या, भारत डीसी-००१ वर चालणाऱ्या टॅक्सीच्या गाड्या आता स्वस्तात विकायला येतात. त्यांनाही सीसीएस-२ च्या केंद्रावर कोणताही अडॅप्टर चालवू शकणार नाही, कारण ती केंद्रे इतक्या कमी व्होल्टेजला वीजच देत नाहीत.

नियमाच्या बाजूने पाहायचे तर, आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१८५१ असे अडॅप्टर वाहन किंवा चार्जर बनवणाऱ्याने मान्य केले असतील तरच वापरण्यास परवानगी देते. माझा टाइप-२ अडॅप्टर कोणत्याही कार कंपनीने मान्य केलेला नाही. तो वापरताना काही झाले तर वॉरंटीचा दावा कठीण होईल, हे जाणूनच मी तो वापरतो आणि वाचकांनीही हे आधी स्वीकारावे. दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये चार्जिंग करताना तिथल्या सुरक्षारक्षकाला आधी विचारणे, त्यांच्या ग्राहकाची गाडी आल्यास आपली काढणे आणि फोन नंबर काचेवर ठेवणे, एवढे केले तर स्वागतच होते. पैसे भरण्याचा प्रश्न अडॅप्टरने सुटत नाही. प्रत्येक केंद्राचे ॲप वेगळे, पाकीट वेगळे, आणि ते घरूनच तयार करून निघावे लागते.

किमतीचे म्हणाल तर निळा अडॅप्टर मला सुटे भाग आणि जोडणीची मजुरी धरून हजाराच्या आत पडला. नवी पेठेतील इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानदाराने तो समोर बसून करून दिला, केबल अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याची वापरली आणि स्क्रू माझ्याकडून पुन्हा एकदा आवळून घेतले. टाइप-२ चा अडॅप्टर साडेतीन हजारांच्या आसपास गेला. त्या किमतीत एमसीबी, झाकण आणि जाड पट्ट्यांचे सॉकेट मिळते, तेव्हा ती मला रास्त वाटते. ज्यांची गाडी ७.२ किलोवॅट एसी घेणारी आहे, त्यांनी मात्र हा दुसरा अडॅप्टर घेऊच नये. त्या पैशांत भर घालून टाइप-२ ची ३२ अँपिअरची केबल घ्यावी, म्हणजे गाडी केंद्राशी स्वतः बोलेल, गन कुलूपबंद राहील आणि वेळही निम्मा लागेल. माझ्या मेव्हण्यांनी नवी गाडी घेतल्यावर हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांना मी केबलच घ्यायला लावली आणि सोबत निळा अडॅप्टर तेवढा करून दिला.